घराचा विमा किती रकमेचा घ्यावा?



पीक विम्यात हेक्टरी विमा रक्कम योजनेतच ठरलेली असते. घराच्या विम्यात मात्र घराची माहिती आपण द्यायची असते आणि रक्कम त्यावरच ठरते. चूक नेमकी तेथेच होते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीच्या पुराने बदलापूर व कल्याण परिसरातील घरांत पाणी शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. उल्हास व काळू नदीकाठच्या गावांनी हा विषय नीट समजून घ्यावा.

जागेची किंमत धरू नये

ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे घराच्या किमतीत मोठा वाटा जागेचा असतो. पूर आला वा आग लागली तरी जमीन जागेवरच राहते. म्हणून विमा बाजारभावाचा नव्हे, तर घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा घ्यावा. याउलट, वीस वर्षांपूर्वी घराला आलेला खर्च धरल्यास रक्कम अपुरी पडते. घरकर्जासोबत काढलेला विमा फक्त कर्जाच्या रकमेचा तर नाही ना, हेही पाहावे.

हिशेब कसा करावा?

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. तिची रीत सोपी आहे:

घराचे चटई क्षेत्र × आजचा बांधकाम दर

समजा, क्षेत्र ८०० चौ. फूट व दर २,००० रुपये आहे. बांधकामाचे १६ लाख झाले. कुंपणभिंत, सेप्टिक टँक, गोबरगॅस संयंत्र यांचे दीड लाख मिळवावेत. एकूण १७.५ लाख रुपये. (दर केवळ उदाहरणादाखल आहे. आपल्या गावचा दर गवंडी वा अभियंत्याकडून घ्यावा.)

इमारतीच्या विम्यासोबत घरसामानाला आपोआप २० टक्के, म्हणजे येथे ३.५ लाखांचे संरक्षण मिळते. याची कमाल मर्यादा १० लाख आहे. सामान जास्त असल्यास यादी देऊन रक्कम वाढवता येते. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

हे लक्षात ठेवावे

१) चटई क्षेत्र खरे लिहावे. या पॉलिसीत विमा रक्कम कमी पडली म्हणून भरपाईत प्रमाणशीर कपात होत नाही. परंतु विमा रकमेपेक्षा जास्त पैसेही मिळत नाहीत.

२) एकापेक्षा जास्त वर्षांची पॉलिसी घेतल्यास विमा रक्कम दरवर्षी १० टक्के वाढते. एक वर्षाची घेतल्यास नूतनीकरणाच्या वेळी दर नव्याने तपासावा.

३) ट्रॅक्टर, गुरे व विक्रीसाठी साठवलेला भात घरसामानात येत नाही. त्यांचा विमा वेगळा काढावा.

४) घराचे व सामानाचे फोटो आणि पावत्या नातेवाइकाकडेही ठेवाव्यात. पुरात कागदही भिजतात.

पावसाळ्याच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा उन्हाळ्यात, कौले चाळतानाच टेप घेऊन घर मोजावे.