मागं बसणारीला आधी कळतं : जुन्या गाडीचे शॉकअप



या पानावर मी एरवी कर्जफेड, हजेरी, विमा असंच काहीतरी लिहिते. या वेळी मोटारसायकलच्या शॉकअपवर लिहितेय. हसू नका, कारण सांगते.

आपल्या एका गटाच्या सचिव ताई बँकेच्या कामाला माझ्या गाडीवर मागे बसून यायच्या. गाडी बाबांची, शंभर सीसीची, मी शाळेत होते तेव्हाची. महिनाभर ताई म्हणत होत्या, "पोरी, मागं लय आदळतंय गं." मी म्हणायचे, "ताई, रस्ताच तसला आहे." पावसाळ्यात एका वळणावर, उखडलेल्या डांबरावर मागचं चाक उडालं, बाजूला सरकलं आणि आम्ही दोघी पडलो. मला नुसतं खरचटलं. ताईंच्या उजव्या मनगटाला प्लास्टर. तेवढे दिवस त्यांच्या घरी शेजारणीने भाकरी थापल्या. डाव्या हाताची सही जुळेना म्हणून गटाचे पैसे काढताना बँकेत वेगळाच घोळ झाला.

गॅरेजवाल्या दादांनी गाडीची सीट दाबून सोडली. गाडी पाळण्यासारखी हलतच राहिली. ते म्हणाले, "शॉकअप कधीचे गेलेत. मागं बसणाऱ्याला विचारायचं असतं."

खरंच आहे ते. चालवणारा दोन चाकांच्या मध्ये बसतो. मागे बसणारी जवळजवळ मागच्या चाकावरच बसते. शॉकअप एका दिवसात जात नाही, हळूहळू जातो, म्हणून चालवणाऱ्याला सवय होऊन जाते. आपल्यापैकी बहुतेक जणी मागेच बसतात. कधी मांडीवर मूल, कधी हातात दुधाची किटली.

आता शॉकअप म्हणजे काय ते बघा. स्प्लेंडर, प्लॅटिना अशा गाड्यांना मागे दोन्ही बाजूंना एकेक असतो. बाहेर जाड स्प्रिंग दिसते, ती वजन पेलते. पण नुसती स्प्रिंग दाबून सोडली तर ती उड्या मारणारच. त्या उड्या थांबवायला आत एक नळी असते. तिच्यात ऑईल असतं आणि दांड्याच्या टोकाला बारीक भोकांचा दट्ट्या असतो. चाक वरखाली झालं की ऑईलला त्या भोकांतून जावं लागतं. ते जड जातं, म्हणून उडी तिथंच मरते. दांड्याभोवतीचं रबरी सील झिजलं की ऑईल बाहेर येतं. मग स्प्रिंग राहते, लगाम जातो. चाक जमिनीला धरून राहत नाही, आणि वळणावर किंवा ब्रेक मारताना तेच घात करतं.

तपासायला मिस्त्री लागत नाही. गाडी सपाट जागी कोणाला तरी धरायला सांगा आणि सीटचा मागचा भाग दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. चांगली गाडी एकदा वर येऊन थांबते. दोन-तीनदा हलली तर शॉकअप गेला. मग खाली वाकून नळीवर बोट फिरवा. चिकट तेल आणि त्यावर धुळीचा थर असेल तर सील गेलंय. खड्ड्यात "ठक्" असा लोखंडी आवाज येत असेल तर वरखालच्या कड्यांतले रबरी बुश बघा. मात्र गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक आडवं हलवलं आणि ते खुळखुळलं, तर दुखणं दुसरंच आहे. चाकाचं बेअरिंग किंवा मागच्या फोर्कचं बुश असू शकतं. ते न बघता शॉकअप बदलले तर पैसे वाया.

गॅरेजमध्ये "कडक करून देतो" म्हणतात. स्प्रिंगच्या टोकाशी खाचांची रिंग असते, ती फिरवून स्प्रिंग घट्ट होते. दोघं बसणार किंवा ओझं असणार तर ती खाच वाढवावी, दोन्हीकडे सारखीच. पण गेलेलं ऑईल त्याने परत येत नाही. ऑईल भरून नवं सील टाकून देणारेही आहेत. दांड्यावर ओरखडा असला तर ते सील पुन्हा फाटतं, म्हणून माझं मत नवीनच घ्यावेत. आणि जोडी घ्यावी. एक नवा, एक जुना असला की दोन्ही बाजू सारख्या दबत नाहीत.

दुकानात जुना शॉकअप किंवा गाडीचं मॉडेल-वर्ष घेऊन जा. दोन कड्यांमधली लांबी आणि बुशचं भोक जुळलंच पाहिजे. बिल मागा.

बसवणं फार अवघड नाही. गाडी मधल्या स्टँडवर, मागच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री थोडं रॉकेल किंवा गंज सोडवायचं तेल सोडा. वायसर कोणत्या क्रमाने आहेत त्याचा मोबाईलवर फोटो काढा. वरचा नट, खालचा बोल्ट काढायचा आणि एका वेळी एकच बाजू. दुसरा शॉकअप जागेवर असला की चाक खाली लोंबत नाही आणि भोकं जुळतात. ठोकून बसवू नका, चाक थोडं वर-खाली केलं की बोल्ट आपोआप जातो. दोन्ही बसल्यावर सगळे नट पक्के आवळा. आठवड्याने पुन्हा पाना लावून बघा. माझा एक नट ढिला निघाला होता.

आणि डावीकडचा साडीगार्ड! काम करताना तो आड आला तर काढतात आणि "ताई, कशाला तो, खडखडतो" म्हणून तसाच बाजूला ठेवतात. परत बसवून घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, असं 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. धरायचा कडा आणि पाय ठेवायचं फूटरेस्टही त्याच नियमात आहे.

दोन गटांनी विचारलं, गाडीदुरुस्तीला अंतर्गत कर्ज द्यायचं का? दूध, भाजी, मजुरी त्या गाडीवर चालत असेल तर बैठकीत ठराव घेऊन द्या, कारण लिहा, बिल वहीला लावा.

माझे जुने शॉकअप मी भंगारात दिले नाहीत. कार्यालयात खिडकीखाली ठेवलेत, तेलाचा ओघळ अजून दिसतो. पुढच्या मासिक बैठकीला आलात की हात लावून बघा. सचिव ताईही येणार आहेत, माझ्याच गाडीवर. सीट आधी दाबून बघूनच बसतात त्या.