स्कार्फ, काजळी आणि ऊन

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातल्या कुठल्याही सिग्नलला दुचाकीवरच्या मुली पाहा. डोळे तेवढे उघडे, बाकी चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला. परगावच्या माणसाला गंमत वाटते, पण शास्त्र या मुलींच्या बाजूने आहे. निदान अर्धंअधिक तरी.

उन्हातल्या अतिनील किरणांपैकी ‘बी’ किरण त्वचा भाजतात, तर ‘ए’ किरण आणखी खोल जाऊन कोलॅजनची हानी करतात. त्यात धुराची भर. डिझेलच्या काजळीला चिकटलेले काही कर्बयुक्त पदार्थ त्वचेवर बसतात आणि त्यांच्यावर ‘ए’ किरण पडले की ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात. ऊन आणि धूर यांचं हे संगनमतच.

आता स्कार्फ. विरळ विणीचं पांढरं सुती कापड ऊन फारसं अडवत नाही, घामाने भिजल्यावर तर आणखी कमी. उजेडासमोर धरून पाहा; पलीकडचं दिसलं, तर घट्ट विणीचा, गडद रंगाचा घ्या. आणि रोज धुवा. कालची काजळी आज गालावर घासण्यात काय हशील?

सनस्क्रीनवरचा एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन मोजतात. आपण लावतो जेमतेम त्याच्या निम्मं! शिवाय तो आकडा मुख्यतः ‘बी’ किरणांचा; ‘ए’साठी वेष्टनावर ‘पीए’पुढची अधिक चिन्हं पाहावीत. घरी आल्यावर सौम्य फेसवॉश पुरे. खसाखसा स्क्रब नको, कारण काजळीला अडवणारा थर त्वचेचा सर्वांत वरचाच असतो.