बर्फाचा उतार आणि आमची घाई

सह्याद्रीत हिंडणाऱ्या आम्हां मुलांना डोंगरातले धोके ठाऊक असतात ते म्हणजे घसारा, कडा आणि फार तर आग्यामोहोळ. हे सगळे डोळ्यांना दिसतात. बर्फाचा धोका मात्र बर्फाच्या पोटात असतो. हे मला दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात समजले, तेही आधी यथेच्छ चिडून झाल्यावर!

दोन दिवस सतत बर्फ पडून तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले होते. बियास कुंडाच्या वाटेवर धुंडीच्या पुढे एक रुंद उतार आडवा ओलांडायचा होता. आमच्या आधी कुणीतरी तो ओलांडलाही होता. पावलांचे ठसे समोर दिसत होते. परतीचे आरक्षण जवळ आलेले. आमच्या वाटाड्यांना आम्ही ‘उस्ताद’ म्हणत असू. ते उताराकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “आज नहीं.” मी वाद घातला. तेव्हा काही न बोलता त्यांनी फावडे घेतले आणि बाजूच्या सौम्य उतारावर खणायला सुरुवात केली.

खड्डा कमरेइतका झाल्यावर त्यांनी मला त्याच्या भिंतीवरून बोट फिरवायला लावले. वर ताजा, मऊ बर्फ; त्याखाली वाऱ्याने दाबलेला घट्ट थर; आणि तळाशी जाड साखरेसारखे सुटे खडे. बोट लागताच ते ओघळू लागले. हिवाळ्याच्या आरंभी बर्फ पातळ असतो. जमीन शून्य अंशाच्या आसपास, तर वरची हवा कितीतरी अधिक थंड. या फरकामुळे बर्फातली वाफ खालून वर सरकते, पुन्हा गोठते आणि तिचे असे कोनदार खडे बनतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. ताटात जाड रवा पसरून त्यावर दगडी पाटी ठेवावी आणि ताट तिरपे करावे, म्हणजे पुढे काय होते ते घरीच पाहता येईल.

अशी ‘पाटी’ बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटते. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठत नाही, सौम्य उतारावरून तो सहसा घसरत नाही. उतार जोखण्याची युक्ती सोपी आहे. सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्याव्यात. एक उभी रोवून दुसरी तिला काटकोनात, आडवी, चढाकडे धरावी. आडवीचे टोक उतारालगत टेकेल तेव्हा ती उभीच्या मध्याच्या थोडी वर असेल, तर उतार तीस अंशांचा झाला!

मोठ्याने ओरडल्यामुळे हिमस्खलन होते ही सिनेमाची कृपा. प्रत्यक्षात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ती पाटी त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने सुटलेली असते. आधीचे ठसेही काही सिद्ध करत नाहीत. कमकुवत थर कुठे खोल, कुठे उथळ असतो; चार जण सुखरूप जातात आणि पाचव्याचे पाऊल नेमके पातळ जागी पडते. म्हणून असा उतार ओलांडायचाच झाला, तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून.

अनुभवही दरवेळी तारत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. मृतांत त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू चढलेल्या सविता कंसवाल होत्या.

पूर्ण गाडल्या गेलेल्यांना पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले, तर दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासानंतर तिघांत जेमतेम एक. म्हणजे मदत गावातून येऊन चालत नाही, ती सोबत्यांकडूनच हवी. त्यासाठी प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून पाहायची लांब सळई आणि फावडे लागते. आमच्या सात जणांत मिळून एक फावडे होते, तेही तंबूची जागा साफ करण्यासाठी आणलेले.

आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी एक तुकडी त्याच उतारावरून जाऊन सुखरूप आली, असे मनालीत कळले. मी ते उस्तादांना जरा खोचकपणेच सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, की ते किती जण होते आणि किती अंतर ठेवून चालले होते. मला सांगता आले नाही.