चित्र गेलं, भिंत राहिली

युरोपातली दगडी गावं : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण रोमनेस्क शैलीची ओळख करून घेतली: अर्धगोल कमानी, जाडजूड भिंती, इवल्याशा खिडक्या. आज ही शैली अंगाखांद्यावर वागवणारं एक खेडं पाहू.

स्पेनच्या कॅटलोनियात, पिरेनीज पर्वतातल्या बोई खोऱ्यात, सुमारे १५०० मीटर उंचीवर ताऊल वसलं आहे. गावाच्या कडेला सांत क्लिमेंतचं चर्च उभं आहे. १० डिसेंबर ११२३ रोजी बिशप रामोन यांनी त्याचा अभिषेक केला, हे तिथल्या एका खांबावर रंगवलेल्या लेखावरून कळतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गावातल्या सांता मारिया चर्चचाही अभिषेक उरकला. एवढ्याशा गावात लागोपाठच्या दिवशी दोन सोहळे!

चर्चची बांधणी साधी आहे. गोल खांबांच्या रांगांनी पाडलेले तीन भाग, वर लाकडी छप्पर आणि शेजारी उंच चौकोनी मनोरा. मनोऱ्यावरच्या जोडकमानींच्या खिडक्या आणि भिंतीवरच्या बारीक आंधळ्या कमानींच्या पट्ट्या ही उत्तर इटलीतल्या लोंबार्डीची धाटणी.

खरी श्रीमंती होती ती वेदीमागच्या अर्धगोल भिंतीवर. तिथे सिंहासनस्थ ख्रिस्त होता: उजवा हात आशीर्वादासाठी उंचावलेला, डाव्या हातात उघडा ग्रंथ आणि त्यावर लॅटिनमध्ये 'मी जगाचा प्रकाश आहे'. वरच्या कमानीत बायबलच्या कथेतला, श्रीमंताच्या दारी पडलेला भिकारी लाजरस आणि त्याच्या जखमा चाटणारा कुत्रा. देवाच्या वैभवाइतक्याच मन लावून चित्रकाराने हा भिकारीही रंगवला आहे. इथल्या निळ्या रंगासाठी पिरेनीजमध्येच सापडणारं एरिनाइट हे खनिज वापरलं होतं.

हे चित्र आज ताऊलमध्ये नाही. १९१९ मध्ये जवळच्या मूर गावातली भित्तिचित्रं विकली गेल्याचं उघड झालं. ती पुढे अमेरिकेत बोस्टनला पोचली. बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने धसका घेतला आणि इटालियन कारागीर बोलावले. त्यांनी ताऊलच्या चित्रांवर सरसाने कापड चिकटवलं, ते वाळू दिलं आणि मग हळूहळू ओढून काढलं. कापडाबरोबर रंगाचा पातळ थर सुटून आला. कापडाच्या गुंडाळ्या बार्सिलोनाला नेऊन तिथे चित्रं नव्या आधारावर बसवली. आज ती कॅटलोनियाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहेत.

योगायोग असा, की १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेले इटालियन तज्ज्ञ अजिंठ्यातही काम करत होते. तिथे चित्रं जागेवरच राखायचं ठरलं, पण वर लावलेलं व्हार्निश पुढे पिवळं पडलं आणि मूळ रंग झाकोळले. चित्र उचललं तर भिंत ओकीबोकी होते, जागेवर ठेवलं तर उपचारच अंगाशी येऊ शकतो. ताऊलचं चित्र उचललं नसतं, तर तेही कदाचित समुद्रापार गेलं असतं. तरीही डोंगरातल्या माणसांसाठी काढलेलं चित्र शहरातल्या दालनात पाहताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतंच.

ताऊलने १९५० नंतर भिंतीवर हुबेहूब प्रतिकृती रंगवून घेतली होती. पुढे तीही काढली आणि २०१३ पासून प्रोजेक्टरच्या प्रकाशाने मूळ चित्र भिंतीवर उमटवलं जातं. हा खेळ संपला, की मूळ रंगाचे उरलेले तुकडे दिसतात. बोई खोऱ्यातली अशी नऊ चर्च २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

पुढच्या आठवड्यात: सांता मारिया चर्च आणि तिथली भित्तिचित्रं.