एकाच वादळात वर हिमवर्षाव, खाली पूर

२०२२ चा नाताळ सरला आणि पुढचे तीन आठवडे कॅलिफोर्नियावर एकामागून एक नऊ वादळं येऊन धडकली. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत घरं बर्फाखाली गेली. त्याच दिवसांत खाली खोऱ्यात, मर्सेड काउंटीतलं प्लानाडा हे गाव पाण्याखाली गेलं. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात आज कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. एकाच बातमीत ‘विक्रमी हिमवर्षाव’ आणि ‘पुराचा इशारा’ हे दोन्ही ऐकून त्यांच्या इकडच्या आईवडिलांचा गोंधळ उडणं साहजिक होतं. त्या वादळांबद्दल आपल्याकडे आणि तिकडेही जे समज पसरले, त्यातले बरेच चुकीचे होते. चुकीच्या समजामुळे माणूस नको तिथे घाबरतो आणि जिथे जपायला हवं तिथे बेफिकीर राहतो, म्हणून ते एकदा नीट तपासायला हवेत.

गैरसमज : बर्फाचं वादळ वेगळं, पावसाचं वेगळं

वादळ एकच असतं. प्रशांत महासागरावरून बाष्पाचा एक लांबलचक पट्टा किनाऱ्याकडे सरकतो. शास्त्रज्ञ त्याला ‘वातावरणीय नदी’ म्हणतात. त्याची रुंदी साधारण ४०० ते ६०० किलोमीटर. मिसिसिपी नदी मुखाशी सरासरी जेवढं पाणी समुद्रात सोडते, साधारण तेवढं पाणी असा एक पट्टा वाफेच्या रूपात वाहून आणतो, आणि जोरदार पट्टा त्याच्या कितीतरी पट. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षभरात पडणाऱ्या पाण्यापैकी ३० ते ५० टक्के अशा मोजक्याच वादळांतून येतं.

ही ओली हवा सिएरा नेवाडाला अडते, वर चढते, थंड होते आणि रिती होते. आपल्या सह्याद्रीवर नैऋत्य मोसमी वारे हेच करतात. फरक असा, की हिवाळ्यात तिथल्या ढगांत वरच्या थरांत बर्फच तयार होतो. खाली येताना हवा शून्य अंशाच्या वर गेली की तो वितळतो आणि त्याचा पाऊस होतो. हा बदल ज्या उंचीवर होतो, तिच्यावर सगळं अवलंबून असतं. उंचीच्या या रेषेच्या वर पडलेलं पाणी बर्फ होऊन डोंगरावर थांबतं आणि वसंतात, उन्हाळ्यात सावकाश उतरतं. तिच्याखाली पडलेलं पाणी काही तासांत नदीत येतं. ही रेषा थोडी वर सरकली, तरी जे उतार पाणी धरून ठेवणार होते तेच ते खाली सोडू लागतात. तिथल्या अंदाजात ही उंची फुटांत दिलेली असते. पाऊस किती पडणार या आकड्याइतकाच हाही आकडा पाहावा, असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं.

१९९७ च्या नववर्षाचा पूर हे याचं ठळक उदाहरण. १९९६ च्या डिसेंबरात डोंगरांत भरपूर बर्फ साठला होता. वर्षअखेरीस हवाई बेटांच्या बाजूने उबदार, ओली हवा आली, ती रेषा पार वर गेली, आणि एरवी जिथे बर्फच पडायचा तिथेही पाऊस कोसळला. योसेमिटी खोऱ्यात मर्सेड नदीने रस्ते उखडले, मुक्कामाच्या जागा वाहून नेल्या. ते खोरं पुढे दोन महिन्यांहून अधिक काळ पर्यटकांना बंद होतं.

गैरसमज : पावसाने बर्फ वितळतो, म्हणून पूर येतो

हे इतकं पटण्यासारखं वाटतं, की कोणी हिशेब मांडून पाहत नाही. समजा, दहा अंश तापमानाचा १०० मिलिमीटर पाऊस बर्फावर पडला. एवढं पाणी शून्य अंशापर्यंत निवताना जी उष्णता देईल, तिच्यात जेमतेम १२-१३ मिलिमीटर पाण्याएवढा बर्फ वितळेल. म्हणजे पावसाच्या पाण्याच्या अंगी बर्फ वितळवण्याची ताकद फारच थोडी.

खरं काम करतो तो पावसाबरोबर येणारा उबदार, दमट वारा. त्यातली वाफ थंड बर्फावर टेकते आणि तिचं पाणी होतं. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २५०० किलोज्यूल उष्णता सुटते, आणि एक किलो बर्फ वितळायला लागतात फक्त ३३४. म्हणजे एक किलो वाफ सात किलोंहून जास्त बर्फाचं पाणी करते. म्हणूनच वारा पडलेला असताना झालेल्या पावसापेक्षा सोसाट्याच्या उबदार वाऱ्यातला पाऊस अधिक घातक.

शिवाय ताजा, थंड, भुसभुशीत बर्फ सुरुवातीला बराच पाऊस पोटात धरून ठेवतो, आणि लोकांना वाटतं की धोका टळला. आधीच ओला होऊन शून्य अंशाला आलेल्या बर्फात मात्र जागा उरलेली नसते. त्यावर पडलेला पाऊस त्यातून झिरपून खाली जातो आणि स्वतःबरोबर वितळलेलं पाणीही नेतो. तरीसुद्धा १९९७ सारख्या महापुरात मोठा वाटा पावसाचाच होता, वितळलेल्या बर्फाचा नव्हे.

गैरसमज : १३९ मिलिमीटर म्हणजे काही मोठा पाऊस नव्हे

३१ डिसेंबर २०२२ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात एका दिवसात जवळपास १३९ मिलिमीटर पाऊस झाला. १८४९ पासूनच्या नोंदींत यापेक्षा जास्त पाऊस फक्त एका दिवशी झाला आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस सोसलेल्या मुंबईकराला हा आकडा किरकोळ वाटेल. पण पाऊस मोजायचा तो त्या जागेच्या मापाने. सॅन फ्रान्सिस्कोला वर्षभरातच सरासरी ५८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो. त्याचा जवळपास चौथा हिस्सा एका दिवसात पडला. तिथली गटारं, नाले, डोंगरउतार आपल्या पावसाळ्यासाठी घडलेले नाहीत. आधीच्या पावसाने माती भिजून गच्च झाली होती, ते वेगळंच.

आणि वणव्याने जळलेला डोंगर असेल तर आकडा आणखी लहान असला तरी पुरतो. जळलेल्या मातीचा वरचा थर पाणी आत घेत नाही. राख, दगडगोटे, झाडं घेऊन सगळा चिखल खाली येतो. ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे कॅलिफोर्नियातल्याच माँटेसिटो गावात असंच झालं आणि २३ माणसं गेली. बरोबर पाच वर्षांनी, ९ जानेवारी २०२३ ला, तेच सबंध गाव रिकामं करायचा आदेश निघाला. ती भीती अनाठायी नव्हती.

गैरसमज : बर्फ हलका असतो, छतावर राहिला तर काय बिघडलं

ताज्या बर्फात साधारण दहा भागांत एक भाग पाणी धरतात. पण तो दबतो, मुरतो, भिजतो. टाहो सरोवराच्या दक्षिणेला फिलिप्स स्टेशन इथे दरवर्षी कर्मचारी बर्फात पोकळ नळी खुपसतात, आतल्या बर्फासकट ती तोलतात आणि पाण्याचा हिशेब काढतात. ३ एप्रिल २०२३ ला तिथे ३२१ सेंटिमीटर बर्फ होता आणि त्यात १३७ सेंटिमीटर पाणी. म्हणजे दर चौरस मीटरवर जवळपास १,४०० किलो! सबंध राज्यातला बर्फाचा साठा त्या दिवशी सरासरीच्या २३७ टक्के होता.

त्याच वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस, लॉस एंजेलिसजवळच्या सॅन बर्नार्डिनो डोंगरात अडीच मीटरहून जास्त बर्फ पडला. रस्ते बंद, माणसं घरांत अडकलेली, आणि भाराने छतं कोसळली. मार्चमध्ये त्यावर पाऊस येणार म्हटल्यावर प्रशासनाने छतांसाठी इशारे दिले, कारण तो बर्फ पाणी शोषून आणखी जड होणार होता. बर्फात अडकलेल्या गाडीबाबतही बेफिकिरी नको. धुराची नळी बर्फाने बुजलेली असताना इंजिन सुरू ठेवलं, की कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. त्याला वास नसतो.

गैरसमज : एवढा बर्फ पडतो, मग तापमानवाढ कुठली

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. ती वाफ थंड डोंगरावर अडली तर बर्फ जास्तच पडेल. बदलते आहे ती बर्फ आणि पाऊस यांच्यामधली मघाची रेषा. ती जितकी वर जाईल तितकं बर्फाऐवजी पाणी.

गैरसमज : एका हिवाळ्यात दुष्काळ संपला

२०२३ मध्ये धरणं भरली हे खरं. एके काळी शेतीसाठी आटवलेलं टुलारे सरोवरही त्या वर्षी कापसाच्या आणि टोमॅटोच्या शेतांवर पुन्हा पसरलं. पण वर्षानुवर्षं उपसलेलं भूजल एका हिवाळ्यात भरून येत नाही, आणि उपशाने खचलेली जमीन पुन्हा वर येत नाही.

‘धरणातून पाणी समुद्रात का सोडलं’ ही ओरडही तेव्हा झाली. २०१९ चा पूर पाहिलेल्या कोल्हापूर-सांगलीकरांना हा वाद नवा नाही : धरण आधी रिकामं करावं, तर पुढे पाऊस दगा देईल ही भीती; भरलेलं ठेवावं, तर पूर. कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो सरोवराच्या धरणातून २०१२ च्या डिसेंबरात नियमाप्रमाणे पाणी सोडलं गेलं आणि पुढचं वर्ष कमालीचं कोरडं गेलं. त्यानंतर तिथे वादळाच्या अंदाजानुसार पाणी धरायचं की सोडायचं हे ठरवण्याचा प्रयोग झाला आणि तो यशस्वी ठरला. आपल्या कृष्णा खोऱ्यात अशा पद्धतीचा गांभीर्याने विचार व्हायला हवा.

गैरसमज : एवढा पाऊस म्हटल्यावर पूर येणारच

१० मार्च २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास पाहारो नदीचा बांध फुटला आणि पाहारो गावात पाणी शिरलं. गाव शेतमजुरांचं, आजूबाजूला स्ट्रॉबेरीची शेतं. ज्या पाण्याने घरं बुडवली त्यानेच शेतंही बुडवली, म्हणजे निवारा आणि मजुरी एका रात्रीत गेली. बांध १९४९ चा. तो कमकुवत आहे हे सरकारी यंत्रणेला अनेक दशकं ठाऊक होतं. पण दुरुस्तीचा खर्च आणि त्यातून वाचणाऱ्या मालमत्तेची किंमत यांचा ताळा पाहिला जायचा आणि गरिबांच्या घरांची किंमत त्यात कमीच भरायची. काम मागे पडत राहिलं. पैसे अखेर मंजूर झाले होते, प्रत्यक्ष काम मात्र सुरू व्हायचं होतं. बांध फुटला तो त्याआधी.