खारट जमिनीत बीळ करणारी माशी

हॅलिक्टिडी हे मधमाश्यांचे एक मोठे कूळ असून त्यातील काही माश्या माणसाच्या घामातील क्षार चाटतात. याच कुळातील नोमिया मेलँडेरी ही पश्चिम अमेरिकेतील माशी पोळे न बांधता, पृष्ठभागावर क्षारांचा पांढरा थर दिसणाऱ्या ओलसर जमिनीत बीळ खणते. प्रत्येक मादीचे बीळ स्वतंत्र, म्हणजे ही माशी एकलजीवी. तरीही एकाच पट्ट्यात हजारो बिळे शेजारीशेजारी असतात आणि प्रत्येकाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा लहानसा ढीग दिसतो. खरे कौशल्य मात्र आत आहे: मादी जमिनीखाली अंडाकृती कोठड्या कोरते, त्यांच्या गुळगुळीत भिंतींना पोटातील ग्रंथीचा जलरोधक स्राव लावते, पराग व मकरंद यांचा गोळा ठेवून त्यावर एकच अंडे घालते आणि कोठडी मातीने बुजवते. अळी तो गोळा संपवून पूर्वकोष, म्हणजे कोषापूर्वीच्या निश्चल अवस्थेत हिवाळा काढते. वॉशिंग्टन राज्याच्या टूशे खोऱ्यात लसूणघासाच्या बियाण्यासाठी परागण हवे असल्याने शेतकरी जमिनीखालून पाणी देऊन आणि ओल टिकावी म्हणून वर मीठ पसरून अशा जागा मुद्दाम राखतात.