थोरल्याला एक हिस्सा, धाकट्याला दोन : टेक्सासच्या दोन कॉलेजांची भाऊबंदकी फुटबॉलच्या मैदानावर कशी खेळली जाते?

वडिलोपार्जित जमीन आहे. दोन भाऊ आहेत. वाटणीत थोरल्याला एक हिस्सा मिळाला आणि धाकट्याला दोन. त्यात त्या माळरानाखाली तेल निघालं.

आपल्याकडं एवढं सांगितलं की पुढची गोष्ट ऐकायची गरजच पडत नाही. बांध, तारखा, बोलणं बंद, लग्नाला न जाणं, सगळं आपोआप डोळ्यासमोर येतं.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात हे खरंच झालंय. फक्त तिथं भाऊ म्हणजे दोन सरकारी विद्यापीठं आहेत. एक टेक्सास ए अँड एम आणि दुसरं युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास. त्यांची भाऊबंदकी दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी एक लाख लोकांसमोर फुटबॉलच्या मैदानात होते.

मधली १३ वर्षं तर त्यांचं बोलणं म्हणजे खेळणंच बंद होतं. २०२४ ला ते पुन्हा सुरू झालं. सलग दोन सामने धाकट्यानं जिंकले आणि आता २०२६ ची लढत थोरल्याच्या अंगणात आहे. त्यामुळं या दोघांचं नेमकं काय आहे ते नीट समजून घेऊ.

आधी खेळ कोणता ते बघू

हा आपला मेस्सी-रोनाल्डोवाला फुटबॉल नाही. हा अमेरिकन फुटबॉल आहे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा पुढं फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडं जातो. शेवटच्या रेषेपलीकडं नेला की टचडाऊन, त्याचे ६ गुण. खांबांमधून लाथेनं मारला की फिल्ड गोल, त्याचे ३. एवढं कळलं तरी काम भागतं.

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजच्या मॅचला एवढं काय? आपल्याकडं कॉलेजांची खुन्नस बघायची तर पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला जावं लागतं. ती भरत नाट्यच्या हॉलमध्ये मावते. टेक्सासमधल्या या दोन्ही कॉलेजांच्या स्टेडियमची क्षमता प्रत्येकी एक लाखाच्या वर आहे. वानखेडेत साधारण ३३ हजार लोक बसतात. म्हणजे तीन वानखेडे एका कॉलेजच्या मॅचला भरतात.

वाटणी कशी झाली?

ए अँड एम म्हणजे ॲग्रिकल्चरल अँड मेकॅनिकल. शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं हे कॉलेज १८७६ ला सुरू झालं. टेक्सासमधली उच्च शिक्षणाची ही पहिली सरकारी संस्था. पण त्याच वर्षीच्या राज्यघटनेत तिला ‘युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासची शाखा’ म्हटलं होतं. गंमत म्हणजे ही युनिव्हर्सिटी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. ती राजधानी ऑस्टिनमध्ये १८८३ ला उघडली. म्हणजे थोरला जन्मला तेव्हाच कागदोपत्री धाकट्याच्या हाताखाली गेला.

शिक्षणाचा खर्च निघावा म्हणून राज्यानं पश्चिम टेक्सासमधली जमीन विद्यापीठाच्या नावे करून दिली. ती पुढं साधारण २१ लाख एकरांवर गेली. माळरान होतं, गुरं चारण्यापलीकडं फारसा उपयोग नव्हता. आणि २८ मे १९२३ ला ‘सांता रिटा नंबर १’ नावाच्या विहिरीतून तेल उसळलं.

मग हिशोब आला. १९३१ ला विधिमंडळानं वाटणी ठरवली. उत्पन्नातले दोन तृतीयांश ऑस्टिनकडं, एक तृतीयांश ए अँड एमकडं. हा निधी आज ३० अब्ज डॉलरच्या वर गेलाय.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हा पैसा इमारती आणि शिक्षणासाठी आहे. फुटबॉलचा गाडा तिकिटं, टीव्हीचे हक्क आणि देणगीदार यांच्यावर चालतो. आणि खुन्नस वाटणीच्या आधीची आहे, पहिला सामना १८९४ ला झाला होता. टेक्सासनं तो ३८-० नं मारला. पण कोण पहिला आणि कोण दुसरा, हे नातं मैदानातही तसंच उतरलंय.

दोघांचे स्वभाव कसे आहेत?

ऑस्टिन आणि कॉलेज स्टेशन या दोन गावांमध्ये साधारण १७० किलोमीटरचं अंतर आहे. पुणे-मुंबईपेक्षा थोडं जास्त. पण स्वभावात फार मोठा फरक.

ऑस्टिन म्हणजे राजधानी. वकील, राजकारणी, गाण्याच्या मैफली, आता टेक कंपन्या. टीमचं नाव लाँगहॉर्न्स, म्हणजे लांब शिंगांचा टेक्सासी बैल. मॅचला खरा बैल मैदानात असतो, त्याचं नाव बीवो. आपण फोटोत ‘रॉक’ म्हणून जी तर्जनी-करंगळी वर करतो, ती यांच्याकडं शिंगांची खूण आहे.

कॉलेज स्टेशनच्या पोरांना ॲगी म्हणतात. हे नाव ॲग्रिकल्चरवरून आलंय. १९६५ पर्यंत इथं लष्करी प्रशिक्षण सक्तीचं होतं आणि १९६३ पर्यंत मुलींना नियमित प्रवेश नव्हता. आज ७० हजारांहून जास्त विद्यार्थी आहेत, पण गणवेशातले कॅडेट अजूनही या कॉलेजचा चेहरा आहेत. यांची लाडकी कोली जातीची कुत्री आहे, रेव्हेली. कॅडेटमध्ये तिचा हुद्दा सगळ्यात वरचा. ती वर्गात भुंकली तर तास सोडायचा, अशी प्रथा सांगतात.

आपल्याकडं संता-बंताचे जोक्स असतात, तसे टेक्सासमध्ये ॲगी जोक्स असतात. गावाकडचा, साधा, थोडा उशिरा कळणारा ॲगी. त्याची परतफेड म्हणून ॲगी लोक ऑस्टिनवाल्यांना ‘टी-सिप’ म्हणतात, म्हणजे चहाचे घुटके घेणारे नाजूक साहेब. आणि शिंगांची खूण मुद्दाम उलटी करून दाखवतात.

ॲगींची सगळ्यात मोठी परंपरा म्हणजे ‘ट्वेल्थ मॅन’. २ जानेवारी १९२२ ला डॅलसमध्ये एका सामन्यात ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी होत होते. प्रशिक्षकानं स्टँडमधून ई. किंग गिल नावाच्या पोराला बोलावलं. त्यानं ड्रेस चढवला आणि सामना संपेपर्यंत बाजूला तयार उभा राहिला. त्याला खेळावं लागलं नाही. पण तेव्हापासून ‘गरज पडली तर आम्ही उतरू’ म्हणून विद्यार्थी अख्खी मॅच उभं राहून बघतात. तीन-साडेतीन तास.

बैलावर डागलेला स्कोअर

१९११ नंतर हाणामाऱ्यांमुळं या दोघांचे सामने काही वर्षं बंद पडले होते. १९१५ ला ते पुन्हा सुरू झाले आणि ए अँड एमनं १३-० नं जिंकले. १९१७ ला काही ॲगी पोरं ऑस्टिनला गेली आणि टेक्सासच्या बैलाच्या अंगावर तापल्या लोखंडानं १३-० असं डागून आली.

सोशल मीडियावर आजही फिरतं की ऑस्टिनवाल्यांनी त्या आकड्यांना रेघा जोडून ‘बीवो’ केलं आणि बैलाचं नाव तिथून पडलं. हे खरं नाही. ते नाव आधीच, १९१६ ला, विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मासिकात छापून आलं होतं.

पुढचं मात्र खरंय. बैल सांभाळणं परवडेना म्हणून १९२० ला तो कापला आणि मेजवानीत वाढला. जेवायला ॲगी मंडळींनाही बोलावलं आणि १३-० डागलेला कातड्याचा तुकडा त्यांना भेट दिला.

जेव्हा खुन्नस बाजूला ठेवली

टेक्सासच्या सामन्याआधी ॲगी विद्यार्थी हजारो ओंडक्यांची प्रचंड होळी रचायचे. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे, काम चालू असतानाच, सुमारे ५९ फुटांचा तो डोलारा कोसळला. १२ जण गेले, २७ जखमी झाले.

ऑस्टिनमध्ये दरवर्षी ॲगींना ‘शाप’ द्यायचा मेणबत्त्यांचा कार्यक्रम असायचा. त्या वर्षी त्याच मेणबत्त्या श्रद्धांजलीसाठी लागल्या. आठवड्यानं सामना झाला. मध्यंतरात टेक्सासच्या बँडनं शोकाची धून वाजवली, टोप्या काढल्या आणि ते मैदानाबाहेर गेले. ए अँड एमनं तो सामना २०-१६ असा जिंकला. विद्यापीठाची ती होळी पुन्हा पेटली नाही. आज तिथं स्मारक आहे.

भांडणाला हद्द असते हे दोन्ही घरांना माहिती आहे, ते या एका आठवड्यानं दाखवलं.

मग १३ वर्षं बोलणं बंद का?

कारण पैसा, तोही टीव्हीचा.

दोघेही बिग ट्वेल्व्ह नावाच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एकाच लीगमध्ये होते. जानेवारी २०११ ला टेक्सासनं ईएसपीएनसोबत स्वतःचं चॅनल काढायचा करार केला. २० वर्षं, ३० कोटी डॉलर. एकाच लीगमध्ये राहून एका टीमचं स्वतःचं चॅनल, हे ॲगींना झोंबलं. पुन्हा तेच, दोन वाटे त्याचे आणि एक आपला.

ए अँड एमनं बाहेर पडून एसईसी, म्हणजे साऊथईस्टर्न कॉन्फरन्स गाठली. २४ नोव्हेंबर २०११ ला कॉलेज स्टेशनमध्ये शेवटचा सामना झाला. ॲगी एका गुणानं पुढं होते, घड्याळात काही सेकंद राहिले होते आणि जस्टिन टकरनं ४० यार्डांवरून फिल्ड गोल मारला. टेक्सास २७, ए अँड एम २५. त्यावर पडदा.

आमदारांनी विधिमंडळात ‘हा सामना झालाच पाहिजे’ अशी विधेयकं आणली. पास एकही झालं नाही. डिग्री चार वर्षांची असते. म्हणजे तीन बॅच अशा शिकून गेल्या ज्यांनी हा सामना कॅम्पसमध्ये कधी पाहिलाच नाही.

ॲगींना एसईसी मानवली. ‘टेक्सासमधून एसईसीत आम्ही एकटे’ हा तोरा होता. २०२१ ला बातमी आली की टेक्सासही तिथंच येतंय. १ जुलै २०२४ ला धाकटा शेजारी राहायला आला.

कागदावर कोण भारी?

आतापर्यंत १२० सामने झाले. टेक्सासनं ७८ जिंकले, ए अँड एमनं ३७ आणि ५ बरोबरीत सुटले. जवळपास दोनास एक. वाटणीचाच आकडा.

राष्ट्रीय विजेतेपदं बघितली तर टेक्सासकडं १९६३, १९६९, १९७० आणि २००५. ए अँड एमचं नाव घेतलं की १९३९ आठवतं.

एका बाबतीत मात्र बरोबरी आहे. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाईझमन ट्रॉफी दोघांकडं दोन-दोन आहेत. टेक्सासचे अर्ल कॅम्पबेल आणि रिकी विल्यम्स, ए अँड एमचे जॉन डेव्हिड क्रो आणि जॉनी मॅन्झिएल.

पैशाच्या बाबतीत कुणी गरीब नाही. २०२३ ला ए अँड एमनं प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा करार मोडल्याबद्दल त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. काम करू नये म्हणून!

गेल्या दोन सामन्यांत काय झालं?

३० नोव्हेंबर २०२४, कॉलेज स्टेशन. जिंकणारा थेट एसईसीच्या फायनलला जाणार होता. टेक्सासनं १७-७ नं मारलं. ॲगींचे सातही गुण बचावाच्या खेळाडूनं चेंडू हिसकावून पळत जाऊन मिळवलेले. त्यांच्या आक्रमणाला स्वतःचा एकही गुण काढता आला नाही.

२८ नोव्हेंबर २०२५, ऑस्टिन. हा घाव जास्त खोल होता. ॲगी ११ पैकी ११ जिंकून आले होते. टेक्सासचा हंगाम डळमळीत होता. मध्यंतराला ए अँड एम पुढं होतं. नंतर टेक्सासनं सूत्रं घेतली आणि आर्च मॅनिंगनं स्वतः पळत ३५ यार्डांचा टचडाऊन केला. मॅनिंग हे घराणंच फुटबॉलचं, पेटन आणि एली हे त्याचे काका. निकाल २७-१७. ॲगींची अपराजित वाटचाल आणि एसईसीची फायनल, दोन्ही एका रात्रीत गेलं.

पण मोठ्या चित्रात गंमत बघा. एवढं करूनही टेक्सास प्लेऑफला मुकलं आणि ॲगी पोहोचले. तिथं मायामीनं त्यांना १०-३ नं घरच्या मैदानावर हरवलं. प्रशिक्षक माईक एल्को यांनी टीम वर आणली हे खरं. पण शेजाऱ्याला हरवलं नाही तर गावात कुणी धरत नाही.

यंदा काय बघायचं?

२०२६ पासून एसईसीत प्रत्येक टीम नऊ लीग सामने खेळणार आणि तीन प्रतिस्पर्धी कायमचे ठरलेले. टेक्सास आणि ए अँड एम एकमेकांच्या यादीत आहेत. म्हणजे आता आमदारांच्या विधेयकाची गरज उरलेली नाही.

ऑस्टिनचे प्रशिक्षक स्टीव्ह सार्किसियन २०२१ पासून बसलेत, त्यांनी टीमला २०२३ आणि २०२४ च्या हंगामात प्लेऑफच्या सेमीफायनलला नेलं. मोठ्या सामन्याची सवय त्यांच्याकडं जास्त आहे. ॲगींकडं घरचं मैदान आहे आणि साचलेली भूक.

ती भूक किती जुनी? ए अँड एमनं टेक्सासला शेवटचं हरवलं ते २०१० ला, २४-१७. तेव्हा जन्मलेली पोरं आता हायस्कूलला आहेत. मधली १३ वर्षं खेळच झाला नाही म्हणून आकडा फुगलाय, हे मान्य. पण ॲगीला हे सांगून बघा.

पुण्या-मुंबईतून इंजिनिअरिंग करून एमएसला जाणारी बरीच पोरं या दोन्हीपैकी एका कॅम्पसवर असतात. तुमचा एखादा मित्र तिथं असेल तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या स्टोरीवर लक्ष ठेवा. शिंगं वर असतील तर धाकट्यानं पुन्हा दोन वाटे नेले. शिंगं खाली असतील तर समजायचं, १६ वर्षांनी थोरल्याला त्याचा हिस्सा मिळाला.